उशीखालचा पाव



गेल्या महिन्यात पुण्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांची कन्या परिचारिका आहे. ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यावर ॲलिस स्प्रिंग्ज नावाचे गाव आहे. तेथे वृद्धांच्या एका निवासी शुश्रूषागृहात ती नोकरी करते. तेथील पंचाहत्तरीच्या एका मूलनिवासी आजींविषयी ते पत्र होते. आजी स्नानगृहात पाऊल टाकत नाहीत. दोघींनी धरून नेले तर किंचाळतात, ओरबाडतात. रात्रीच्या जेवणातील पावाचा तुकडा उशीखाली दडवून ठेवतात. सकाळी चादर बदलताना कोणी तो काढून टाकला की दिवसभर अबोला. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे ‘सहकार्य करत नाहीत’ असा शेरा आहे. एके दिवशी या मुलीने जरा कडक स्वरात, “चला, आता तुमची पाळी” असे म्हणून त्यांचे मनगट धरले. आजी ओरडल्या नाहीत. त्या पलंगाच्या कडेला दोन्ही हात अंगाशी सरळ ठेवून, मान खाली घालून उभ्या राहिल्या, शाळेत रांगेत उभी राहते तशा. आणि उभ्याउभ्याच त्यांची लघवी झाली.

“आई, मी असे काय केले?” असे मुलीने फोनवर रडत विचारले. तोच प्रश्न आईने आमच्याकडे पाठवला आहे.

या प्रश्नाचे उत्तर परिचर्येच्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. त्यासाठी सत्तर वर्षे मागे जावे लागेल, आणि थोडे त्याहूनही मागे.

इंग्रजांनी १७८८ मध्ये सिडनी येथे वसाहत केली, तेव्हा या खंडावर अडीचशेच्या आसपास भाषा बोलल्या जात होत्या. तरीही ही भूमी कोणाच्याच मालकीची नव्हती असे धरून ती बळकावण्यात आली. तेथील सर्वोच्च न्यायपीठाने हे गृहीतक फेटाळले ते १९९२ साली, माबो खटल्यात. मधल्या दोनशे वर्षांत मूलनिवासींची जमीन गेली, पाणवठे गेले, अनेक प्रांतांत मजुरीचे पैसेदेखील सरकारी पालकाच्या ताब्यात राहिले. परंतु या सदराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती वेगळीच गोष्ट. साधारणपणे १९१० पासून १९७० पर्यंत सरकारी अधिकारी, पोलीस आणि मिशन यांनी मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांत किंवा गोऱ्या कुटुंबांत नेले. मिश्र रक्ताची मुले विशेषकरून नेली जात. आपली भाषा, आपली माणसे विसरून त्यांनी गोऱ्या समाजात विरघळून जावे, हा हेतू लपवलेला नव्हता. १९९७ साली संसदेपुढे आलेल्या चौकशी अहवालाने असा अंदाज दिला, की या काळात दहांपैकी एक ते तिघांपैकी एक इतक्या प्रमाणात मूलनिवासी मुले हिरावली गेली. या मुलांना आज ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत त्यांची क्षमा मागितली.

न्यू साऊथ वेल्स प्रांतात किंचेला येथे मूलनिवासी मुलग्यांची अशी एक संस्था १९२४ ते १९७० पर्यंत चालू होती. तेथे मुलांना नावाने नव्हे, क्रमांकाने हाक मारीत. तेथे वाढलेली माणसे आज आजोबा झाली आहेत आणि आपला क्रमांक त्यांना आजही पाठ आहे. चौकशीपुढे आलेल्या साक्षींत काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: अपुरे अन्न, थंडी, मारहाण, रांगेतील आंघोळ, मातृभाषेतील शब्द तोंडातून निघाला की शिक्षा, आणि रात्रीच्या अंधारात येणारी पावले, ज्यांविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही.

आता शुश्रूषागृहाकडे पाहा. लांबच लांब मार्गिका, जंतुनाशकाचा वास, गणवेशातील माणसे, ठरल्या वेळी वाजणारी घंटा, दारावर क्रमांक, बाहेरून बंद होणारे दार, परक्या हातांनी उतरवले जाणारे कपडे. आपल्यासारख्याला ही फार तर गैरसोय वाटेल. ज्या माणसाचे बालपण अशाच इमारतीत गेले, त्याला मात्र आपण पुन्हा तेथेच आणून टाकले गेलो आहोत असे वाटते. स्मृतिभ्रंशात अलीकडच्या आठवणी आधी पुसल्या जातात, जुन्या मागे उरतात. जन्मभर निर्धाराने दाबून ठेवलेल्या गोष्टींवरचे झाकण वयाबरोबर सैल होते, हे आपल्यापैकी अनेकांनी घरातील वडीलधाऱ्यांत पाहिले असेल. तेव्हा त्या आजी सहकार्य करत नव्हत्या असे नाही. त्या दिवशी पलंगाशी त्या उभ्या राहिल्या, ते संपूर्ण सहकार्यच होते. सहा वर्षांच्या मुलीने जिवाच्या भीतीने केलेले. नोंदवहीतील तो शेरा प्रथम खोडावा, असे मी त्या मुलीला कळवले आहे.

मुलीचा दोष नव्हता. तिला हे कोणी सांगितलेच नव्हते.

मग करायचे काय? आधी स्नानगृहाचे पाहू. जी व्यक्ती आंघोळीला भिते, तिला आंघोळीची सक्ती नसावी. स्वच्छता साधायची असते, आंघोळ नव्हे. ऊन पाण्यात भिजवलेल्या पंचाने खोलीतच अंग पुसता येते, एका दिवशी पाय, दुसऱ्या दिवशी पाठ. उरलेले अंग चादरीने झाकलेले असावे. स्पर्शापूर्वी विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. पंचा आजींच्याच हाती द्यावा. स्त्रीची शुश्रूषा स्त्रीने, पुरुषाची पुरुषाने करावी. मूलनिवासी समाजात हा केवळ संकोचाचा विषय नाही, स्त्रियांच्या व पुरुषांच्या बाबी तेथे धर्माने वेगळ्या आहेत. दार बंद करायचे की उघडे ठेवायचे, हे त्यांनी ठरवावे. शक्य असल्यास साबणाचा वास बदलावा. “तुमची पाळी” हे शब्द तर उच्चारूच नयेत.

आणि तो पाव. शिळा पाव उशीखाली राहिला तर मुंग्या होतात, हे खरे. त्यावर उपाय पाव काढून घेणे हा नाही. उशाशी झाकणाचा एक डबा ठेवावा, त्यात रोज रात्री ताजा पाव आजींच्या देखत घालावा, आणि सकाळी तो बदलायचा तर त्यांना विचारूनच बदलावा. उपाशी राहिलेल्या मुलाला अन्न जवळ असल्याची खात्री लागते. ते खाल्ले जाते की नाही, हा प्रश्न गौण आहे. दुष्काळ पाहिलेल्या आपल्या आज्या पदराला भाकरीचा चतकोर बांधून ठेवीत, ते आठवून पाहा.

यात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. ‘लहानपणी तुम्हाला घरातून नेले होते का?’ असे थेट विचारू नये. ज्यांना सांगायचे असेल ते सांगतील. अनेकांनी स्वतःच्या मुलांनाही सांगितलेले नसते. कोणाच्याही भूतकाळाची चौकशी न करता सर्वांशीच असे वागता येते, आणि त्याने कोणाचेच नुकसान होत नाही. क्षमायाचनेनंतर २००९ साली स्थापन झालेली ‘हीलिंग फाउंडेशन’ ही संस्था तेथील डॉक्टरांना व शुश्रूषागृहांना नेमके हेच सांगत आली आहे.

याला उशीर होऊन चालणार नाही. ऑस्ट्रेलियात सामान्यतः वयाच्या पासष्टाव्या वर्षापासून सरकारी वृद्धसेवा मिळते. मूलनिवासींना ती पन्नासाव्या वर्षापासून मिळते. ही सवलत नव्हे. २०२० ते २०२२ या काळातील आकड्यांनुसार मूलनिवासी पुरुषाचे सरासरी आयुर्मान ७१.९ वर्षे आणि स्त्रीचे ७५.६ वर्षे आहे, म्हणजे इतर नागरिकांहून आठ वर्षांहून अधिक कमी. चोरलेल्या पिढ्यांतील हयात असलेली सर्वच माणसे आता पन्नाशीपुढे गेली आहेत. म्हणजे ती सर्व या सेवेस पात्र आहेत. मात्र पात्र असणे आणि अर्ज करणे यांत मोठे अंतर आहे. अर्ज करायचा म्हणजे सरकारी माणसाला घरी बोलवायचे. तो कागद घेऊन येणार, घरात कोण कोण आहे, स्वयंपाक कसा होतो, मुले कोठे असतात हे विचारणार. ज्यांच्या आईच्या दारात असाच कागदवाला एकदा आला होता, त्यांना त्याला चहा विचारण्याचा धीर होत नाही.

वृद्धसेवेच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने २०१९ साली आपला अंतरिम अहवाल प्रसिद्ध केला. त्याचे नाव एकाच शब्दाचे होते, ‘उपेक्षा’. २०२१ च्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी आहेत आणि मूलनिवासींसाठी स्वतंत्र व्यवस्था हवी असे त्यात सांगितले आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात वृद्धाच्या हक्कांची यादी आहे. व्यक्तीच्या संस्कृतीचा आणि तिने भोगलेल्या आघातांचा विचार करणारी सेवा मिळणे, हा त्यांत एक हक्क आहे. कायद्याचे शब्द चांगले आहेत. रात्रपाळीला चाळीस खोल्या आणि दोन परिचारिका असतील तर त्या शब्दांचे काय होते, हे आमच्या पत्रलेखिकेची कन्याच अधिक जाणते.

आता ‘हो’ या शब्दाविषयी. अनेक मूलनिवासी वृद्ध, विशेषतः दूरच्या वस्त्यांतील, अधिकारी माणसाच्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतात. ‘दुखते का?’ ‘हो.’ ‘मग आता बरे आहे ना?’ ‘हो.’ पोलीस, मिशनरी आणि मालक यांच्यासमोर जगण्याचा तो सुरक्षित मार्ग होता. तेव्हा संमती घेताना हो-नाहीचा प्रश्न पुरत नाही. ‘कोठे दुखते ते दाखवा’, ‘ही गोळी कशासाठी हे तुमच्या मुलीला कसे सांगाल?’ असे विचारावे, आणि मग गप्प बसावे. तेथे दोन वाक्यांमधील शांतता हा संभाषणाचाच भाग असतो. नजरेला नजर न देणे हा बहुधा आदर असतो. त्याचा अर्थ औदासीन्य किंवा खिन्नता असा परस्पर लावू नये. (ही चूक शिकलेले डॉक्टरही करतात, आणि मग नैराश्याच्या गोळ्या सुरू होतात.)

स्मरणशक्तीच्या चाचणीतही हेच झाले. नेहमीच्या चाचणीत आजचा दिनांक कोणता, शंभरातून सात वजा करत जा, इंग्रजी शब्द उलटा उच्चारा, असे प्रश्न असतात. ज्याला शाळाच मिळाली नाही किंवा ज्याची इंग्रजी ही चौथी भाषा आहे, तो यात नापास होणारच. म्हणून पश्चिम ऑस्ट्रेलियातील किंबर्ले प्रदेशात संशोधकांनी तेथील लोकांच्या मदतीने निराळी चाचणी तयार केली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात कंगवा, आगपेटी, पाणी पिण्याचा पेला अशा हाताळण्याच्या वस्तू दाखवतात, लपवतात आणि कोठे ठेवल्या ते विचारतात. चित्रांत इमू आणि मगर असतात. या योग्य चाचणीनेही जे आढळले, ते गंभीरच होते. ४५ वर्षांवरील मूलनिवासींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १२.४ टक्के निघाले. देशातील सर्वसाधारण प्रमाण २.४ टक्के होते. पुढे न्यू साऊथ वेल्समधील एका अभ्यासात बालपणी भोगलेल्या आघातांचा आणि उतारवयातील स्मृतिभ्रंशाचा संबंधही दिसून आला. संबंध आहे म्हणजे तेच एकमेव कारण आहे असे नाही. मधुमेह, रक्तदाब, डोक्याला झालेल्या इजा हीही कारणे आहेतच. पण ही कारणे तरी कोणत्या आयुष्यातून येतात?

नात्यांचे नियमही समजून घ्यावेत. कित्येक जमातींत सासू आणि जावई एकमेकांसमोर येत नाहीत, बोलत नाहीत. हे वैर नसून आदर आहे. जेवणाच्या दालनात दोघांना एका मेजावर बसवले तर एक जण उपाशी उठून जातो, आणि नोंदवहीत ‘भूक मंद’ असे लिहिले जाते. मृत व्यक्तीचे नाव बराच काळ घेत नाहीत, म्हणून शेजारच्या पलंगावरील व्यक्ती गेल्यावर तिचे नाव मोठ्याने घेऊ नये आणि भिंतीवरचे छायाचित्र उतरवण्यापूर्वी नातलगांना विचारावे. खोलीत पाल्याचा धूर करून ती शुद्ध केल्याखेरीज दुसरे कोणी तेथे झोपणार नाही. धुराच्या इशाऱ्याचे यंत्र वाजते म्हणून हा विधी नाकारणारी व्यवस्था असते, आणि ते यंत्र अर्धा तास बंद ठेवणारीही असते. वडीलधाऱ्यांना ‘आँटी’ आणि ‘अंकल’ म्हणतात. आपल्याकडे दुकानदाराने ‘आँटी’ म्हटले की राग येतो. तेथे मात्र तो मान आहे, आपल्या ‘आजी’सारखा. परवानगी घेऊन त्या मुलीने याच शब्दाने हाक मारावी.

भाषेचे दुःख सर्वांत खोल आहे. स्मृतिभ्रंशात माणूस नंतर शिकलेली भाषा विसरत मातृभाषेकडे परततो. मेलबर्न-सिडनीत मुलांकडे राहणाऱ्या आपल्या आजोबांचे हेच होते. इंग्रजी जाते, मराठी उरते. म्हणून परदेशी असलेल्या वाचकांना मी नेहमी सांगतो, की पाणी, दुखते, लघवी, थंडी, घरी अशा वीसेक मराठी शब्दांचा कागद इंग्रजी अर्थासह पलंगाशी लावून ठेवा. पण ज्या मुलीची भाषा सहाव्या वर्षी मारून गप्प केली, ती पंचाहत्तराव्या वर्षी कोणत्या भाषेत परतणार? काही जणांच्या तोंडी अशा वेळी चार-दोन शब्द येतात आणि त्यांचा अर्थ त्यांना स्वतःलाच ठाऊक नसतो. असे शब्द ऐकले तर ऐकू आले तसे लिहून ठेवावे आणि त्या प्रदेशातील एखाद्या वृद्धेला ऐकवावे. आजींचे गणगोत कोणते, याचा तो कदाचित एकमेव पुरावा असेल.

हे सारे परक्या देशातले म्हणून वाचू नये. याच साम्राज्याने १८७१ साली आपल्या देशात काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. सोलापूरची तारेच्या कुंपणाची सेटलमेंट त्यातूनच उभी राहिली. हजेरी, पास, शिक्षा, सारे तसेच. त्या कायद्यात मुलांना आईबापांपासून वेगळे करून शाळांत ठेवण्याचीही तरतूद होती. कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. कुंपणाच्या आत जन्मलेली मुले आज पंचाहत्तरीच्या घरात किंवा पुढे आहेत. त्यांपैकी कोणी सरकारी रुग्णालयाच्या खाटेवर असेल आणि गणवेश दिसताच गप्प होत असेल, तर वरील मजकूर तेथेही तितकाच लागू आहे.

पत्राच्या शेवटी दुसरा प्रश्न होता आणि मला तो पहिल्याहून कठीण वाटतो. आजींची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. मध्य ऑस्ट्रेलियातील मूलनिवासींत या रोगाचे प्रमाण जगातील अत्युच्च प्रमाणांपैकी आहे. जन्मतः कमी वजन, बालपणी वारंवार झालेले त्वचेचे संसर्ग, पुढे मधुमेह आणि रक्तदाब अशी त्याची साखळी आहे. यंत्र गावात, आणि आजींची भूमी शेकडो किलोमीटर दूर. आजींना वाळवंटातल्या आपल्या ‘कंट्री’वर जायचे आहे. इंग्रजी शब्द वापरूनही मूलनिवासी त्यात देश, कुलदैवत, पूर्वज आणि आई इतके सारे भरतात. तेथे गेल्यास डायलिसिस चुकेल. मुलगी विचारते, ‘मी त्यांना थांबा म्हणू की जा म्हणू?’

यावर उपाय खुद्द तेथल्या लोकांनीच शोधला आहे. ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे पाचशे किलोमीटरवरील किंटोर आणि त्याही पलीकडील किविरकुरा येथील चित्रकारांनी आपली चित्रे २००० साली सिडनीच्या कलादालनात लिलावास ठेवली आणि दहा लाख डॉलरहून अधिक निधी उभा केला. त्यातून २००४ साली किंटोरमध्ये डायलिसिस सुरू झाले. आज ही संस्था ‘पर्पल हाउस’ या नावाने ओळखली जाते. दूरदूरच्या अनेक वस्त्यांत तिची केंद्रे आहेत. शिवाय डायलिसिसची यंत्रे बसवलेला एक मालमोटार-दवाखानाही आहे. तो रुग्णांना अंत्यविधीसाठी, सणासाठी, नुसते घर पाहण्यासाठी गावी जाऊ देतो. २०१८ पासून अशा दूरच्या डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यातून मिळू लागला.

तेव्हा मुलीने ‘थांबा’ किंवा ‘जा’ यांपैकी काहीच म्हणू नये. आजींच्या वतीने बोलण्याचा अधिकार समाजाच्या रीतीने कोणाला आहे हे आधी शोधावे; तो बहुधा कागदावर ज्याचे नाव आहे त्याच्यापेक्षा निराळा असतो, मुलापेक्षा भाचीला किंवा बहिणीला असू शकतो. दुभाषा बोलवावा. डायलिसिस थांबवल्यास साधारण किती दिवस उरतात, हे आडपडदा न ठेवता आजींच्या माणसांना सांगावे. वस्तीत जागा आहे का याची चौकशी आजच सुरू करावी, कारण वेळ लागतो. आणि आजींना शेवटी कोठे असावेसे वाटते ते त्या बोलत्या आहेत तोवर लिहून ठेवावे.

हे सारे मी पत्राने कळवले होते. परवा उत्तर आले. आता पाय पुसायला आजी आपण होऊन पुढे करतात. पाठीला अजून हात लावू देत नाहीत. डबा ठेवला आहे. त्यांच्या वस्तीजवळच्या केंद्रात नाव नोंदवले असून पुढे दोन रुग्ण आहेत. मालमोटार त्या वाटेने केव्हा जाणार याची तारीख अद्याप कळलेली नाही. मुलगी दर सोमवारी फोन करते.